वय वाढले तसे न आवडणाऱ्या पात्रांविषयी मन मऊ का होते?

पूररेषा, सांगली

नमस्कार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गावभागातल्या आमच्या घरात शिरले तेव्हा कपाटाच्या खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके गेली. जी थोडी हाती लागली त्यांत वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ची माझी कॉलेजातली प्रत होती. पाणी ओसरल्यावर कपडे वाळत घालायच्या दोरीवर ती उपडी टाकून वाळवली. पाने अजून पापडासारखी वाजतात, पुस्तक धड मिटत नाही आणि उघडले की चिखलाचा वास येतो. गेल्या महिन्यात पाय मुरगळून पंधरा दिवस घरी बसावे लागले म्हणून तीच प्रत पुन्हा वाचायला घेतली, आणि एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला, महापुरालाही पुरून उरलेला एक शब्द दिसला: 'दुष्ट!!' अक्षर माझेच, सतराव्या वर्षीचे. शेरा देवयानीवर होता.

ही कादंबरी १९५९ ची. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, त्यामुळे मराठीला मिळालेले पहिले ज्ञानपीठ १९७४ साली त्यांच्या नावावर लागले याचा आनंद आमचे वडील घरातल्या कुणाला तरी बक्षीस मिळाल्यासारखा सांगत. पुस्तक हाती आले ते त्या ओढीने. त्या वयात माझा हिशेब अगदी सोपा होता. शर्मिष्ठा सोसते म्हणून ती चांगली. देवयानी गर्विष्ठ आहे, हट्टी आहे, सूड उगवते, म्हणून ती वाईट. रागाच्या भरात झालेल्या भांडणापायी एका राजकन्येला जन्मभर आपली दासी करून घेणारी बाई कुणाला आवडेल? विशेष म्हणजे खांडेकरांनी देवयानीला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले आहे. कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापली हकिकत सांगतात. म्हणजे तिची बाजू माझ्यापुढे तेव्हाही होती. मी ती वाचली होती आणि तरीही ऐकली नव्हती.

आता त्रेपन्नाव्या वर्षी मला दिसली ती कचावर जीव टाकलेली, वडिलांना गळ घालून त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करवून घेणारी आणि संजीवनी विद्या हाती येताच 'तू मला बहिणीसारखी' हे त्याच्याच तोंडून ऐकावे लागलेली मुलगी. महाभारतातल्या मूळ कथेत असुर कचाची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांना पाजतात. आपल्या माणसाला आपल्याच बापाने दारूच्या घोटाबरोबर गिळले, हे जिने पाहिले, तिला पुढे आयुष्यात कशाकशाची धास्ती वाटत असेल, हा विचार सतराव्या वर्षी माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. पुढे तिला विहिरीत ढकलले जाते, एक राजा हात धरून वर काढतो आणि तेवढ्यावर तिचे लग्न ठरते. हाती लागलेले राणीपण ती मुठीत आवळून धरते. बोटे उघडली तर आत काहीच नसेल, ही भीती त्या मुठीत मला आता दिसते.

यात माझ्या नोकरीचाही भाग असावा. एका विमा कार्यालयात दाव्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. खिडकीशी येऊन जो सर्वांत उद्धट बोलतो, त्याच्याच फायलीत बहुधा सर्वांत वाईट बातमी असते, हे कळायला मला दहा वर्षे लागली, आणि तोवर मी अशा पुष्कळांना 'नंतर या' म्हणून परत पाठवले होते.

माझा प्रश्न असा. आपल्याला ज्या पात्रांचा एके काळी मनापासून राग आला, त्यांच्याविषयी वय वाढल्यावर कळवळा वाटू लागतो, याला समज वाढणे म्हणायचे, की आपल्या हातूनही बरेच काही घडून गेलेले असल्यामुळे आपण आता गुपचूप आरोपीच्या बाकावर सरकून बसलेलो असतो? माझ्या बाबतीत दुसरे कारण खरे असावे अशी मला शंका आहे, कारण दोन वर्षांपूर्वी घरात सून आल्यापासून माझ्याच आवाजातली एक धार अधूनमधून मला ऐकू येऊ लागली आहे. आपले अनुभव कृपया पात्रांची नावे घेऊन सांगावेत.


पारावरचा, हरिपूर

आपले लिखाण वाचताना मला माझा भुजंगनाथ आठवला. गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे, आणि 'संगीत शारदा' त्यांनी इथल्या पारावर बसून लिहिले असे गावात सांगतात. त्यामुळे गणेशोत्सवात त्या नाटकातले दोन तरी प्रवेश केल्याशिवाय आमच्या मंडळाचे पान हलत नसे. मी एकोणतिसाव्या वर्षी भुजंगनाथ केला. केसांना सफेदा, पुढचे दोन दात काळे, हातात थरथरती काठी, आणि शारदेचे नाव निघाले की जीभ ओठांवरून फिरवायची, ही माझी स्वतःची भर. लोक पोट धरधरून हसले. पाऊणशे वयाच्या म्हाताऱ्याला बाशिंग बांधायचे आहे, यापलीकडे त्या माणसात काही असेल असे मला वाटले नव्हते आणि आमच्या दिग्दर्शकालाही वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या मुलांनी त्याच नाटकाचे वाचन ठेवले आणि जुना भुजंगनाथ म्हणून मलाच बसवले. आता मी चौसष्ट वर्षांचा आहे. पत्नी जाऊन चार वर्षे झाली, मुलगा पुण्याला. संध्याकाळी दिवा लावायचा तो मी आणि झोपताना विझवायचा तोही मीच. त्या दिवशी वाचताना जीभ काही ओठांवरून फिरली नाही. पैसा आहे, वाडा आहे, पण घरात बोलायला माणूस नाही. आपले हसे होते आहे हे अर्धवट कळते आणि तरी हट्ट सुटत नाही, असा कुणी तरी माझ्या तोंडून बोलत होता. ऐकणारे हसलेच नाहीत. वाचन पडले, असे मंडळाच्या अध्यक्षांचे मत आहे.

मात्र मुलीला पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला तिचा बाप कांचनभट, याच्याविषयी मला तेव्हा काही वाटले नाही आणि आता मी स्वतः बाप असूनही वाटत नाही. या फरकाचा मी पुष्कळ विचार केला. माझा समज असा झाला आहे की सगळे काही वयावर नसते, लिहिणाऱ्याने त्या पात्राच्या भिंतीला झरोका ठेवला आहे की नाही यावरही असते. देवलांनी भुजंगनाथाला झरोका ठेवला, कांचनभटाला ठेवला नाही. १८४३ साली आपल्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले. तेव्हाच्या पौराणिक खेळांत देवपार्टी आणि राक्षसपार्टी अशा सरळ दोन बाजू असत आणि राक्षसाने तोंड रंगवून आरोळ्या ठोकतच यायचे. त्या धिंगाण्यामुळे पुढे अशा नाटकांना 'अललडुर्र' हेच नाव पडले. त्या राक्षसाविषयी नव्वदीच्या म्हाताऱ्यालाही दया येणार नाही, कारण रंगाच्या आत त्याला माणूस दिलेलाच नसतो. 'शारदा' १८९९ ची. मधल्या छप्पन्न वर्षांत मराठी नाटकातला खलपुरुष राक्षसापासून भुजंगनाथापर्यंत आला, ही वाटचाल मला आपल्या मनात घडते तिच्यापेक्षाही मोठी वाटते.

तेव्हा आपण देवयानीपाशी पोचलात यात खांडेकरांचेही श्रेय आहे. एकट्या वयाला सगळे देऊ नका.


चारभिंती, सातारा

या चर्चेत मी बहुधा सर्वांत लहान आहे (वय सव्वीस), म्हणून आधीच क्षमा मागून ठेवते. पण वरचे दोन्ही अनुभव वाचून मला थोडा राग आला, तो का आला हे सांगते.

पूररेषाताई, घरात सून आली आणि तुम्हाला देवयानी कळू लागली. काका, तुम्ही एकटे झालात आणि तुम्हाला भुजंगनाथ कळू लागला. माणसे वयानुसार जिथे जाऊन बसतात तिथल्या पात्राचे त्यांना पटू लागते, एवढेच यात झाले आहे असे मला वाटते. वय वाढल्यावर बहुतेकांच्या हाती थोडी सत्ता येते. घर, पैसा, शब्दाला वजन. मग सत्ता असलेली पात्रे आपली वाटू लागतात. वय वाढल्यामुळे शारदा अधिक कळली असे सांगणारा कुणी अजून मला भेटलेला नाही, कारण वाढत्या वयाने कुणीच शारदेच्या जागी जाऊन बसत नाही. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवणारा कायदा १९२९ साली झाला, म्हणजे नाटकानंतर तीस वर्षांनी. (तो हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, 'शारदा' नाटकावरून त्याचे नाव पडले असे छातीठोकपणे सांगणारे आमचे एक नातेवाईक आहेत.) त्या तीस वर्षांत किती प्रेक्षक डोळे पुसून नाट्यगृहातून बाहेर पडले असतील आणि घरी जाऊन आपल्या बारा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरवले असेल? तेव्हा भुजंगनाथाच्या एकटेपणाने गलबलून येण्याआधी, त्या एकटेपणावर उपाय म्हणून कुणाला घरात आणायचे चालले होते, हे मला तरी विसरता येत नाही.

हे सगळे मी अगदी ठामपणे लिहिले असते, पण आमची आजी आडवी येते. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. रात्री साडेआठला तिची एक मालिका लागते, त्यातली सासू इतकी खाष्ट आहे की आई ती दिसली की उठून भांडी लावायला जाते. आजी मात्र पदर खांद्यावर घेऊन एकटक बघत बसते. परवा त्या सासूने सुनेच्या ताटातली भाकरी उचलून ठेवली, तेव्हा मी काही तरी बोलले, तर आजी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, "तिला तरी कुणी काय दिलं हुतं गं? जे पदरात पडलं त्येच ती म्होरं देतीया."

आजीचे लग्न पंधराव्या वर्षी झाले. तिच्या सासूने, म्हणजे माझ्या पणजीने, पहिली दोन वर्षे तिला कुणाच्याही देखत जेवू दिले नव्हते. भाकरीच्या टोपल्यातल्या भाकऱ्या मोजलेल्या असत. हे आजीनेच मला सांगितलेले आहे, तेही हसत. म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे आजीने सुनेच्या बाजूने असायला हवे. ज्या बाईने तिला छळले, तिच्यासारख्याच बाईविषयी तिला कळवळा वाटतो, हे माझ्या हिशेबात कुठेच बसत नाही. आजीला ते जमते. मला जमत नाही, आणि खरे सांगायचे तर आज ते जमावे असे मला वाटतही नाही.


हिशेबनीस, कोरेगाव

चारभिंती, आपण क्षमा मागण्याचे काही कारण नाही. आपले म्हणणे मला बरेचसे मान्य आहे आणि मी त्याचा जिवंत पुरावा आहे.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. मी ती एकोणिसाव्या वर्षी वाचली, साताऱ्याला खोली करून राहत असताना, आणि आमच्या खोलीतले चौघेही काही महिने पांडुरंग सांगवीकरासारखे बोलत असू. दर दोन वाक्यांत 'उदाहरणार्थ' घातल्याशिवाय आम्हाला चहासुद्धा मागता येत नसे. पांडुरंगाचे वडील तेव्हा आम्हा सगळ्यांचे सामाईक शत्रू होते. दरडावणारा, पैशाच्या भाषेत बोलणारा, मुलाच्या मनात काय चालले आहे याची गंधवार्ता नसलेला बाप. माझे स्वतःचे वडील तसेच होते, निदान मी त्यांना तसे समजत होतो.

पुढे मी एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. मुलगा अभियांत्रिकीला पुण्याला. महिन्याच्या सात तारखेला पगार, आठ तारखेला त्याला पैसे. वीस तारखेच्या आसपास त्याचा संदेश येई, त्यात बहुधा दोनच शब्द असत: 'पैसे संपले.' मी धंद्याने हिशेबनीस असल्यामुळे शंभर पानी वहीत त्याच्या नावाचे खाते लिहीत असे. डावीकडे तारीख, मधे रक्कम, उजवीकडे त्याने सांगितलेले कारण. एका वर्षी उजवीकडच्या रकान्यात 'प्रोजेक्ट' हा शब्द अकरा वेळा आला आहे. त्या वर्षी तो तीन विषयांत नापास होता, हे मला वर्षाअखेरीस कळले. त्या रात्री मी 'कोसला' पुन्हा काढली. हसू येण्याऐवजी घाम फुटला. होस्टेलात राहून बापाचे पैसे उडवणारा, परीक्षांत आपटणारा आणि तरी बापावरच नाराज असणारा तो मुलगा मी पहिल्यांदा पैसे पाठवणाऱ्याच्या बाजूने वाचला, आणि पानापानावर मला तो बाप काय म्हणत असेल ते ऐकू येऊ लागले.

इथे हरिपूरच्या काकांशी माझा थोडा मतभेद आहे. 'कोसला'त सांगणारा पांडुरंगच आहे, पंचवीस वर्षांचा. बाप आपल्याला दिसतो तो त्याच्या नजरेतून. तेव्हा झरोका म्हणावा तर लेखकाने तो उघडा ठेवलेला नाही. मुलगा सांगतो त्याच्या फटीतून जेवढे दिसेल तेवढे. ती फट मला एकोणिसाव्या वर्षी दिसली नाही, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दिसली, आणि ती दाखवणारे माझ्याकडे त्या वहीशिवाय काहीही नव्हते. वयाला इतकेही कमी लेखू नये.

आता माझी हद्दही सांगून टाकतो. जब्बार पटेल यांचा 'सामना' १९७४ चा. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखरपट्ट्यातला पुढारी. वाटेवर भेटलेल्या एका दारुड्या मास्तराला तो घरी आणून ठेवतो, तो मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू, आणि पुढे हाच मास्तर मारुती कांबळेचे काय झाले हे विचारत राहतो. चित्रपट मी पाच-सहा वेळा पाहिला असेल. निळूभाऊंनी हिंदुरावाला इतका माणूस करून ठेवला आहे की प्रत्येक वेळी त्याच्याजवळ बसून हातावर तंबाखू मळावीशी वाटते. तरीही माझे मन त्याच्याविषयी मऊ झालेले नाही. मी तीस वर्षे मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर सहीसाठी फायली घेऊन उभा राहिलेला माणूस आहे. दाराच्या आत बसलेल्यांविषयी नव्हे, बाहेर उभ्या राहिलेल्यांविषयी मला कळते. तेव्हा आपण म्हणता तसे, माणूस जिथे बसतो तिथलेच त्याला दिसते. माझ्या नशिबी बापाची खुर्ची आली, हिंदुरावाची आली नाही. आली असती तर मी इथे काय लिहिले असते, हे सांगता येत नाही.


विटेकर मास्तर, विटा

थोडक्यात लिहितो. मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधायचे आणि परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, या आपल्या सवयीला ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली एक नाव दिले. मराठीत त्याला 'मूलभूत आरोपण दोष' म्हणता येईल. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण बहुधा उलट करतो. मला उशीर झाला तर एसटी चुकली म्हणून, आणि दुसऱ्याला उशीर झाला तर तो आळशी म्हणून. कथेतल्या 'वाईट' पात्राला आपण आधी स्वभावाने मोजतो आणि पुढे कधी तरी परिस्थितीने मोजू लागतो, असे इथल्या अनुभवांचे एक वर्णन करता येईल.

पण ते वयाबरोबर आपोआप घडते, या समजुतीला माझा आक्षेप आहे. आमचे काका ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आयुष्यभर वाचत आलेले आहेत, आणि दर वर्षी अधिक कडक होत चालले आहेत. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर त्यांना तरुणपणी बिचारा वाटायचा, असे ते स्वतः कबूल करतात. आता विषय निघाला की म्हणतात, "सनद गेली म्हणून प्यायला लागला? माझी तर दोनदा बढती गेली. मी चहासुद्धा वाढवला नाही." तळीरामाचे तर ते नावही काढू देत नाहीत.


सुनेची बाजू, मिरज

माझा अनुभव बराचसा उलट्या बाजूचा आहे. 'नटसम्राट' मी विसाव्या वर्षी सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात पाहिले. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० मध्ये आले तेव्हा साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. लागूंनी केलेला आप्पासाहेब बेलवलकर माझ्या आईने पाहिला होता आणि ती त्याच्याविषयी देव पाहिल्यासारखी बोलत असे. मी पाहिला तो नंतरच्या नटसंचातला. तरी मी इतकी रडले की मध्यंतरात मैत्रिणीने वडा आणून दिला तो हातातच राहिला. सगळी मिळकत मुलांना वाटून दिलेला थोर नट, आणि त्याला घरात धड जागा न देणारी मुलगा-सून, मग मुलगी-जावई. सुनेचा तर मला संताप आला होता. योगायोग असा की याही नाटकातल्या सुनेचे नाव शारदाच आहे.

पुढे माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यानंतरची सव्वादोन वर्षे ते आमच्या दोन खोल्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर होते. अतिशय बुद्धिमान माणूस. बोलणे शाबूत होते आणि आवाज खणखणीत. रात्री दोन वाजता ते मोठ्याने श्लोक म्हणत. मधेच थांबून चहा मागत. सकाळी सातला माझा मुलगा शाळेत जायचा, मला साडेनऊला दवाखान्यात कामावर हजर व्हायचे असे. चादर बदलणे, भांडे रिकामे करणे, डाव्या कुशीवर वळवून पाठीला पावडर लावणे, हे सगळे मी केले, आणि त्यातल्या कितीतरी वेळा माझे तोंड नाटकातल्या शारदेसारखे झालेले असणार. भेटायला येणारे नातेवाईक सासऱ्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक करीत आणि जाताना मला म्हणत, "जपा हो त्यांना."

मध्यंतरी टीव्हीवर त्या नाटकावरचा चित्रपट लागला होता. आप्पासाहेबांचे वैभव आणि त्यांची व्यथा मला आजही कळते. पण मी बघत होते ते सुनेच्या स्वयंपाकघराकडे. दाराआड ती कशी उभी राहत असेल, रात्री किती वाजता आडवी होत असेल, याचा विचार करीत होते. चारभिंती, तुम्ही म्हणता की वाढत्या वयात सत्ता असलेली पात्रे आपली वाटू लागतात. मला तर घरातले सर्वांत बिनमहत्त्वाचे पात्र आपले वाटू लागले आहे. तिला रंगमंचावर न आवडणारी ठरवण्यात आम्हा प्रेक्षकांचा फार मोठा वाटा होता. आम्ही सगळे आप्पासाहेबांच्या बाजूने रडायचे ठरवूनच तिकीट काढलेले होते.

सासरे गेले त्याला तीन वर्षे झाली. रात्री दोनला मला अजून जाग येते.


पूररेषा, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवस उत्तर लिहिले नाही, कारण चारभिंती यांचा टोला मला वर्मी लागला होता. वय वाढल्यावर शारदा कळली असे कुणी सांगत नाही, असे त्यांनी लिहिले. मी तिथे शारदेऐवजी शर्मिष्ठा वाचले. देवयानीचा कळवळा आल्याचे मी इथे इतके रंगवून लिहिले, पण तिच्या दासीविषयी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. एका भांडणाच्या बदल्यात सगळे आयुष्य दासीपणात घालायला निघालेली ती मुलगी माझ्या पहिल्या वाचनातही 'सोशिक' या एका शब्दात संपली होती आणि दुसऱ्या वाचनातही तेवढ्यातच संपली. हरिपूरच्या काकांच्या शब्दांत सांगायचे तर तिला झरोका काय, अख्खे दार आहे. तीही स्वतःच्या तोंडाने बोलते.

मिरजेच्या ताईंचे पत्र मी सुनेला वाचायला दिले. तिने ते फोनवर वाचले, फोन परत दिला आणि काही न बोलता कुकर लावायला गेली. संध्याकाळी मात्र, पाय बरा झाला असला तरी जिना चढू नका, असे म्हणून गच्चीतले कपडे तिनेच आणले. याचा अर्थ मी लावत बसलेले नाही.

परवा 'ययाति' पुन्हा घेऊन बसले आणि या वेळी फक्त शर्मिष्ठेच्या तोंडचे भाग वाचले. चिकटलेली पाने सुरीने सोडवावी लागली. दोन ठिकाणी अक्षरे शेजारच्या पानावर उमटली आहेत, ती आरशात धरल्यासारखी उलटी वाचली. देवयानीच्या भागांत माझ्या पेन्सिलीच्या रेघा जागोजाग आहेत, 'दुष्ट!!' आहे, 'गर्व पाहा' आहे, एके ठिकाणी तर रागाने कागद फाटेपर्यंत ओढलेली रेघ आहे. शर्मिष्ठेचे भाग मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासले. त्यांत कुठेही, एकही खूण नाही.